वाशाला भोके पाडणारा सुतार पक्षी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, घर आणि रान यांच्यामध्ये फार तर एक परडे असते. त्यामुळे सुतार पक्ष्याने घराचे वासे फोडल्याची तक्रार दर उन्हाळ्यात कोणाकडून तरी कानावर येतेच. अशा वेळी काही जण गलोल हातात घेतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय पक्षी मारून घराचे काहीच भले होत नाही, कारण दुखणे बहुधा लाकडात असते.

आमच्या घराच्या वळचणीखाली वाशांची जी टोके रंगाविना उघडी राहिली होती, नेमकी तीच सोनपाठी सुताराने उकरली होती. शिडी लावून जवळून पाहिले, तेव्हा त्याने काढलेल्या ओबडधोबड खाचेच्या तळाशी, गिरमिटाने पाडावे तसे, बोट जाईल एवढे गोल भोक दिसले आणि खाली सोप्याच्या कट्ट्यावर पिवळसर भुसा पडलेला होता. ते भोक काळ्या भुंग्याचे होते. भुंग्याची मादी वाळलेल्या लाकडात सरळ शिरते, मग रेषांच्या दिशेने वळून बोगदा कोरते, त्यात पराग आणि मध यांचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालते आणि भुश्याचा पडदा घालून पुढचा कप्पा सुरू करते. या कप्प्यांतल्या अळ्यांसाठीच सुतार आलेला असतो. ताठ शेपटीचा टेकू लावून तो वाशाला उभा चिकटतो, ठोकून पोकळी अचूक हेरतो आणि लांब, चिकट जीभ आत घालून अळी बाहेर ओढतो. तिथे भुंगा नसला, तर लाकूडकिडा किंवा वाळवी असण्याची शक्यता तपासावी.

पत्र्यावर भरभर, एकसलग ताल धरणाऱ्या पक्ष्याची गोष्ट वेगळी आहे. तो अन्न शोधत नसतो, तर आपली हद्द जाहीर करत असतो. पत्र्याच्या आतल्या बाजूने जुने गोणपाट घट्ट बसवले की आवाज दबतो आणि त्याला तिथे ठोकण्यात फारसे काही उरत नाही.

भोक बुजवण्यापूर्वी मात्र आत घरटे नाही ना, हे बॅटरी लावून पाहावे. सोनपाठी सुताराची वीण आपल्याकडे साधारण फेब्रुवारी ते जुलै या काळात होते. अंडी सुमारे 11 दिवसांत फुटतात आणि पिल्ले त्यानंतर सुमारे 20 दिवसांत उडून जातात, म्हणजे महिनाभर थांबले तर कोणाचेच नुकसान होत नाही. नंतर कुजका भाग तासून काढावा, भोकात लाकडाचा भुसा आणि डिंक यांचे मिश्रण ठासून भरावे आणि ते वाळल्यावर टोकांना तेलरंगाचे दोन हात द्यावेत. आमच्या मेस्त्रींनी त्याआधी काजूच्या टरफलाचे तेल लावले. ते लाकडाला फार चांगले, पण अंगावर पडल्यास फोड येतात, म्हणून हातमोजे हवेतच. पक्षी तरीही फिरकत राहिला, तर वाशापासून चार बोटे अंतर सोडून बारीक तारेची जाळी ताणावी.

आणखी एक विनंती. परड्यातला वठलेला आंबा किंवा फणस घरावर कोसळण्यासारखा नसेल, तर जळणासाठी तोडू नये. सुताराने त्यात कोरलेल्या ढोलीत पुढे मैना, पोपट, दयाळ संसार थाटतात, आणि त्याला अळ्याही तिथेच भरपूर मिळतात.