मिकेच्या नावाने

तोक्योच्या सेतागाया भागातून दोन डब्यांची एक छोटी गाडी घरांच्या परसांना जवळजवळ खेटून जाते. त्या गाडीने मियानोसाका स्थानकावर उतरून मी गोतोकुजी या झेन मंदिरात पोहोचले, तेव्हा पावसाची भुरभुर सुरू होती. आवारातल्या एका छोट्या देवालयाशेजारी पांढऱ्या मांजरींच्या मूर्ती दाटीवाटीने उभ्या होत्या. काही करंगळीच्या पेराएवढ्या, काही चांगल्या वीतभर उंच. प्रत्येकीच्या गळ्यात लाल पट्टा आणि सोनेरी घंटा, आणि प्रत्येकीचा उजवा पंजा वर. ज्यांचा नवस पुरा होतो, ते आपली मूर्ती इथे आणून ठेवतात. पाश्चात्त्य पाहुण्यांना हा पंजा निरोपाचा वाटतो, असे ऐकले होते. आपण मात्र कुणाला बोलावताना तळवा खालीच वळवतो, त्यामुळे ती ‘ये, ये’ म्हणते आहे हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

आख्यायिका अशी, की सतराव्या शतकात हे मंदिर अगदी दरिद्री अवस्थेत होते आणि इथला भिक्षू आपल्या घासातला घास मांजराला देत असे. एके दिवशी हिकोनेचा सरदार ई नाओताका शिकारीहून परतत असताना दारातल्या मांजराने पंजा हलवून त्याला आत बोलावले. तो आत शिरतो न शिरतो तोच बाहेर विजांसह वादळ कोसळले. भिक्षूच्या प्रवचनाने भारावलेल्या नाओताकाने मंदिराला आश्रय दिला आणि 1633 पासून ते ई घराण्याचे मंदिर झाले. 1860 साली एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर मारला गेलेला याच घराण्यातला सरदार ई नाओसुके याची समाधीही याच आवारात आहे. जपानी दुकानांत शुभ म्हणून ठेवलेल्या अशाच मांजरींच्या हातात असते तसे सोन्याचे नाणे इथल्या मूर्तींकडे नाही. मंदिराचे म्हणणे असे, की मांजर फक्त योग जुळवून आणते. त्याचे चीज करणे माणसाकडे असते. मला हा विचार फार मोलाचा वाटला.

पण जपानी मांजराची जुनी ओळख इतकी प्रेमळ नाही. कवी फुजिवारा नो तेइका याने 1233 सालच्या आपल्या रोजनिशीत, नारा येथे ‘नेकोमाता’ नावाच्या प्राण्याने एका रात्रीत अनेक माणसे मारल्याची वार्ता नोंदवली आहे. पुढे एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, समजूत रूढ झाली, की फार म्हातारे झालेले मांजर ‘बाकेनेको’, म्हणजे रूप पालटणारे मांजर बनते, डोक्याला पंचा बांधून नाचते, आणि त्याचे शेपूट दुभंगले की ते नेकोमाता होते. म्हणूनच आखूड शेपटीची मांजरे लोकांना अधिक बिनधोक वाटत. दिव्याचे तेल चाटणारे मांजर हे तर बाकेनेकोचे हमखास लक्षण. त्या काळी स्वस्त दिव्यांत माशाचे तेल जळत असे, आणि त्या वासाने मांजर मागच्या दोन पायांवर उभे राहून दिव्याकडे झेपावत असणार. अर्ध्या रात्री जाग आलेल्या माणसाला कागदी सरकत्या दारावर ती उभी, माणसासारखी सावली दिसली, तर त्याने काय समजावे?

ज्या जागेसाठी मी खरे तर एवढ्या लांब आले होते, ती शिकोकू बेटावर तोकुशिमा प्रांतात, अनान शहराच्या डोंगराळ भागात आहे: ओमात्सु दाइगोंगेन हे देऊळ. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पीक बुडाले तेव्हा इथल्या गावप्रमुखाने जमीन तारण ठेवून एका श्रीमंताकडून कर्ज घेतले, ते फेडले, पण पावती हातात पडण्यापूर्वीच तो वारला. सावकाराने कर्ज फिटलेच नसल्याचे सांगून जमीन बळकावली. गावप्रमुखाची विधवा ओमात्सु न्यायाधिकाऱ्याकडे गेली, तर तोही सावकाराला सामील होता. अखेर तिने थेट प्रांताच्या सरदारापुढे फिर्याद मांडली. अशी थेट फिर्याद हाच त्या काळी गुन्हा होता, आणि 1686 साली तिला देहदंड झाला. तिने जिवापाड जपलेली मिके, म्हणजे तिरंगी मांजर, बाकेनेको झाली आणि सावकार व न्यायाधिकारी या दोघांचीही घराणी बुडेपर्यंत थांबली नाही, अशी कथा आहे.

त्या देवळात मी सूडाच्या खुणा शोधत गेले होते, आणि समोर आल्या त्या पुन्हा हात वर केलेल्या मांजरींच्याच रांगा, गोतोकुजीपेक्षा कितीतरी विविध: मातीच्या, लाकडी, काळ्या, सोनेरी, काही रंग उडालेल्या. जिचा दावा खरा होता तिच्या दारी आज लोक स्पर्धेत आणि परीक्षेत यश मागायला येतात. एक शाळकरी मुलगी गुडघ्यावर पाटी ठेवून, जीभ दातांत धरून, लाकडावर आपली इच्छा लिहीत होती. तिचे लिहून होईपर्यंत मी बाजूला उभी राहिले. मग ओमात्सुच्या नावाने हात जोडले, आणि त्यानंतर मिकेच्या नावाने वेगळे.