कुंपणाला नेट लागली आणि हिशेब बदलला

नागपूर जिल्ह्यात उमरेडकडच्या आमच्या गावात जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या खोल्या पाडून नव्या बांधायचं काम उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू झालं. आवार एकच आणि त्यातच अंगणवाडी. म्हणजे मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली तरी लहान पोरं तिथंच. ठेकेदारानं कुठल्याशा जुन्या साइटवरची लोखंडी चौकटीची, जाळीची पॅनलं आणून कुंपण उभं केलं. सहा फूट उंच, आठ फूट लांब, खाली चपटे पाय. पुढे धूळ आत येते अशी अंगणवाडीच्या सेविकाताईंनी तक्रार केली, तर लगेच सगळ्या कुंपणाला वरपासून खालपर्यंत हिरवी नेट बांधून मिळाली. वर योजनेचा फ्लेक्सही.

मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. एका संध्याकाळी पश्चिमेकडून काळं भरून आलं, पाऊस पडला नाही, पण हवा सुटली आणि अंगणवाडीकडची पॅनलं झुलायला लागली. पायापाशी वाळूची पोती होती, तरी मागचा पाय जमिनीवरून उचलताना दिसत होता. मिस्त्रीला दाखवलं तर तो हसला. "हवेनं का होते ताई, लोखंड हाय हे. जड हाय."

लोखंड जड असतंच. पण उघड्या जाळीतून हवा आरपार जाते, नेट लावली की अडते. शेतात वापरतात ती नेट 50 टक्के, 75 टक्के, 90 टक्के सावलीची अशी मिळते. इथं लावलेली 90 ची होती, आडोसा म्हणून जवळजवळ भिंतच.

माझा भाचा तंत्रनिकेतनात स्थापत्य शिकतो. त्याला फोनवर फोटो पाठवले. तो म्हणाला, "आत्या, नुसतं हलते म्हणशील तर कोणी ऐकणार नाही. किलोत सांग." रात्री त्यानं हिशेब करून पाठवला आणि मला तो कागदावर उतरवता आला, इतका तो साधा आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला 0.6 नं गुणायचं. हा झाला एका चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. मोकळ्या उभ्या भिंतीसाठी वर आणखी 1.2 चा गुणक. मग पॅनलच्या क्षेत्रफळानं गुणायचं आणि न्यूटनचे किलो करायला 9.8 नं भागायचं. ताशी 60 किलोमीटरच्या झोतात एका पूर्ण झाकलेल्या पॅनलवर साधारण 90 किलोचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट.

आता वारा किती धरायचा? बांधकामावर वाऱ्याचा भार किती धरायचा ते सांगणाऱ्या भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात (2015 ची आवृत्ती) नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिला आहे. बांधकामापुरत्या तात्पुरत्या रचनेला त्यात सूट मिळते, 44 च्या वेगासाठी 0.73 चा गुणक. तरी वेग ताशी 115 किलोमीटरच्या आसपास येतो आणि एका पॅनलवर सुमारे 335 किलो. हा रेटा पॅनलच्या मध्यावर, म्हणजे तीन फुटांवर लागतो. मागे जमिनीवर चार फुटांपर्यंत जाणारा तिरपा टेकू दिला, तर त्याच्या शेवटी 250 किलो वजन हवं. आमच्याकडे टेकूच नव्हता. पोती होती ती थेट पायाला चिकटून, आणि तिथं ठेवलेलं वजन पॅनल उलथताना फारसं कामाला येत नाही. वजन जितकं मागे, तितकं ते धरतं.

कुंपणाच्या टोकाचं मला माहीत नव्हतं. लांब भरीव भिंतीच्या मोकळ्या टोकाला मधल्या भागापेक्षा कितीतरी जास्त रेटा येतो. युरोपच्या संहितेत हा गुणक मध्यासाठी 1.2 आणि टोकासाठी 3.4 असा आहे. टोकाला कुंपण काटकोनात वळवून घेतलं की टोकाचा गुणक 2.1 वर येतो. आमचं मोकळं टोक नेमकं अंगणवाडीच्या दारापाशी.

हा कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी समितीचा ठराव करून पंचायत समितीला पत्र दिलं. पत्राचं जे होतं ते झालं. मग 1 मे च्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि फक्त एवढंच वाचलं: एका पॅनलवर तीनशेहून जास्त किलो, मागे टेकू शून्य. सभेत चुळबूळ झाली. "हे आकडे कोठून आणले बाप्पा," असं कोणीतरी म्हणालं, पण सरपंचांनी तिथूनच फोन लावला. त्याच आठवड्यात अभियंता आले. त्यांनी हिशेब खोडला नाही, हे मला विशेष वाटलं.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, खुंटे ठोकून देतो. इथं गावातल्या म्हाताऱ्यांनीच त्याला अडवलं. काळी माती मे महिन्यात दगडासारखी वाटते, पण तिला भेगा पडलेल्या असतात, खुंट्याला लागूनच भेग उघडते. आणि पहिल्या दमदार पावसात तीच माती लोण्यासारखी होते. खुंट्याची गरज ज्या दिवशी पडेल त्याच दिवशी तो सुटेल.

राहिलं वजन. प्रत्येक पॅनलमागे 250 किलो म्हणजे भरलेली पाच पोती. ठेकेदार नाही म्हणाला, आणि त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही. अंदाजपत्रकात त्यासाठी ओळच नव्हती. तोड अभियंत्यांनी काढली. नेट फक्त खालच्या तीन फुटांना ठेवा. झाकलेला भाग निम्मा झाला, म्हणजे रेटा निम्मा. आणि तो लागतो ती उंचीही निम्मी. उलथवणारा जोर चौथ्या हिश्श्यावर आला. उघड्या जाळीवरही थोडी हवा लागतेच, ती धरून टेकूच्या टोकाला 100 किलो ठेवायचं ठरलं. धुळीसाठी पाणी मारायचं. फ्लेक्स काढायचा. फ्लेक्सवरच सर्वांत जास्त वाद झाला, हे वेगळं सांगायला नको.

वजनासाठी पोती नकोत असा मी हट्ट धरला. सिमेंटची रिकामी प्लास्टिकची पोती आपल्या उन्हात काही आठवड्यांत कुजून फाटतात, वाळू गळून जाते आणि वरून पोतं भरलेलंच दिसतं. जुन्या खोल्यांच्या पायव्याचे काळे दगड आवारातच पडले होते. ते जाळीच्या पिंजऱ्यात भरून टेकूंवर तारेनं आवळले. टेकू दोन्ही बाजूंना आळीपाळीनं दिले, कारण वळवाची हवा कोणत्या बाजूनं येईल याचा नेम नसतो. मोकळं टोक वळवून शाळेच्या भिंतीला बांधलं.

चौकीदाराला दोन गोष्टी लिहून दिल्या. नागपूरच्या हवामान केंद्राचा नारंगी इशारा आला की सकाळीच, हवा शांत असताना, नेट सोडून गुंडाळायची. आणि हवा सुटल्यावर कुंपण धरायला कोणीही जायचं नाही, ते पडलं तर पडू द्यायचं.

फाटकाचं अजून अडलं आहे. त्याच्या दोन्ही झडपांना अजूनही पूर्ण नेट आहे आणि मधली कडी सुतळीनं बांधलेली असते. ठेकेदार म्हणतो पुढच्या बिलानंतर बघू. तोवर पोरांना मागच्या दारानं आणतो.