बाबांच्या ट्रंकेतले निगेटिव्ह: चिकटलेला रोल सुटला (बराचसा)

सुटला एकदाचा!! बाबांच्या ट्रंकेतल्या जुन्या फोटोंच्या निगेटिव्ह मी साफ करून स्कॅन करतेय, त्यातला एक रोल. ज्या रोलवरून मी मागच्या वेळी एवढी कटकट केली होती तोच, प्लास्टिकच्या स्लीव्हला चिकटून बसलेला. सगळा नाही सुटला पण जेवढा सुटलाय त्याने माझी सगळी वर्गवारी उलटीपालटी करून टाकलीये, ते पुढे सांगते.

आधी पटकन बाकीचं. ब्लॅक अँड व्हाइट पट्ट्या संपल्या. त्यांना डिजिटल आइसचा (स्कॅनर इन्फ्रारेडने धूळ ओळखून आपोआप काढतो ते) काही उपयोग नाही हे तुम्हाला माहितीये, फिल्ममधली चांदीच इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे धूळ हाताने पुसायची आणि उरलेली स्क्रीनवर एकेक ठिपका करत काढायची. पण त्यात गुहागरच्या पुळणीवरची व्हॉलीबॉलची एक फ्रेम निघाली, बाबा नेटच्या वर, तोंड वाकडं, पायाखालची वाळू उडालेली, आणि बुरशीचा एक डाग नाही. ती मी दिवसभर फोनवर उघडून बघत होते. मोठी प्रिंट करायचीच आहे.

आता तो रोल. रंगीत, सी-४१ (म्हणजे नेहमीची रंगीत निगेटिव्ह धुवायची पद्धत), स्टुडिओवाल्याने तेव्हा दिलेल्या त्या मऊ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये (ज्याने कोणी ही स्लीव्ह शोधून काढली त्याला जुलैत कोकणात आणून ठेवा). तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सांगितलं, पाण्यात भिजव, फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि स्लीव्ह आपोआप सुटते. बरोबर आहे. पण माझ्या पट्ट्यांवर कडेने बुरशी आहे, आणि बुरशी जिलेटिन खाते तेव्हा ते पाण्यात विरघळायला लागतं. म्हणजे चिकटलंय म्हणून पाणी हवं आणि बुरशी आहे म्हणून पाणी चालत नाही. आता बोला.

बुरशीला आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही ९९ टक्केवालं. मेडिकलमध्ये मिळतं ते ७० टक्के, म्हणजे उरलेलं पाणीच की, ते घेऊ नका. चिपळूणला मोबाइल रिपेअरवाल्यांकडे चांगलं मिळतं, बोर्ड साफ करायला तेच वापरतात. पण अल्कोहोलने स्लीव्ह सुटत नाही, फक्त बाहेरची बुरशी निघते.

मग वाटलं भिजवायच्या ऐवजी उलटं करून बघू, सुकवू. हवाबंद डबा, तळाला भरपूर सिलिका जेल (नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं), आत छोटा आर्द्रतामापक, आणि डबा कपाटात ठेवून विसरून जायचं. इथे पावसाळ्यात घरातली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या खाली यायला तयार नसते आणि बुरशीला साठ-पासष्टच्या वर गेलं की पुरे. डब्यात काटा हळूहळू चाळीसच्या आसपास आला. मध्ये जेल तव्यावर परतून घ्यायचं, त्यावरून आई रोज विचारायची, आज काय भाजतेयस. जिलेटिन सुकताना आकसतं आणि प्लास्टिक आहे तसंच राहतं, त्यामुळे मधेमधे ते आपोआप सुटायला लागलं! उजेडासमोर धरलं की सुटलेला भाग चमकतो, तो रोज थोडा थोडा मोठा होत गेला. मग स्लीव्हच्या दोन्ही कडा ब्लेडने कापल्या आणि प्लास्टिक मागे दुमडत दुमडत काढलं. वाकवायचं ते प्लास्टिक, फिल्म सपाटच राहिली पाहिजे, हे पुन्हा पुन्हा सांगते. एक पट्टी तरीही हटेना, तिच्यावर बुरशी जवळपास नव्हती, म्हणून शेवटच्या कोऱ्या तुकड्यावर आधी बघून मग तिला गार डिस्टिल्ड वॉटर दिलं. सुटली, पण एका फ्रेमचा कोपरा स्लीव्हवरच राहिला. गेला तो गेला.

आणि आत काय होतं? लाइटपॅडवर ठेवलं तर स्टेडियम. स्कोअरबोर्ड असणार तो कोपराच गेलेला, त्यामुळे मॅच कुठली ते कळेना. पण उन्हातल्या एका फ्रेममध्ये मैदानावर दोनच निळे ठिपके दिसले. निगेटिव्हवर निळं म्हणजे खरं पिवळं, म्हणजे ऑस्ट्रेलिया बॅटिंग करतंय. पुढच्या फ्रेममध्ये फ्लडलाइट. आईला दाखवलं तर तिने चष्मासुद्धा लावला नाही, "वानखेडे, वर्ल्ड कप. सचिन नव्वदवर गेला ती." २७ फेब्रुवारी १९९६! वानखेडेवरची दिव्यांखालची पहिली मॅच. मार्क वॉच्या वाइड बॉलवर त्यांचा विकेटकीपर हीलीने सचिनला स्टंप केलं आणि आपण १६ रनांनी हरलो. आई म्हणाली परतीच्या एसटीत हे चिपळूणपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, मी आपली शेंगा खात बसले.

मला आई गेली होती हेच माहीत नव्हतं. आमच्याकडे बाबांची मॅच, बाबांची ट्रिप, बाबांचा कॅमेरा असंच सगळं म्हणायची पद्धत. तर संध्याकाळच्या फ्रेम दोन प्रकारच्या आहेत. काहींमध्ये पुढच्या तीन रांगांतली डोकी पांढरीफटक आणि मैदान काळंकुट्ट, म्हणजे फ्लॅश उघडा, बाबांच्या त्या याशिका कॅमेऱ्याचा फ्लॅश जाऊन जाऊन किती लांब जाणार. आणि काहींमध्ये फ्लॅश बंद, दिवे नीट, मैदान अंधुक पण आहे. मी विचारलं तर म्हणते, "डोकी ह्यांची. मी सांगायचे फ्लॅश मिटवा, तर म्हणायचे अंधार आहे गं."

झालं! मग मी हंपीचा रोल पुन्हा काढला, आणि कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण सुरू झाल्यावर हे दोघं मडगावला गेले होते तोही. बाबा ज्यात आहेत ते तिनेच काढलेत हे उघडच होतं, मी कधी विचारच केला नव्हता. पण चांगले देखावेसुद्धा निम्म्याहून जास्त तिचे निघतायत, आणि क्षितिज तिरकं असेल तर बाबा. समुद्राकाठी जन्म गेला माणसाचा आणि एक क्षितिज सरळ नाही.

तर आता प्लॅन बदललाय. वर्षानुसार फोल्डर करणार होते ते राहू दे, आधी प्रत्येक फाइलला कोणी काढला हा टॅग, आणि त्यासाठी आईला शेजारी घेऊन बसायचं, म्हणजे वेग अर्धा होणार कारण ती प्रत्येक फोटोला गोष्ट सांगते. खरं तर ते रेकॉर्डच करावं, आत्ता लिहिता लिहिता सुचलं. फोन टेबलावर ठेवायचा बास, वेगळा माइक नको, माइक बघितला की ती भाषण करायला लागते.

फ्लडलाइटच्या फ्रेम फारच पातळ आहेत, म्हणजे उजेड कमी पडलेल्या. डार्कटेबल या फोटो सॉफ्टवेअरच्या नेगाडॉक्टरमध्ये (निगेटिव्हचं पॉझिटिव्ह करणारा भाग) सावल्या उचलल्या की सगळं हिरवं होतं, ऑरेंज मास्कचा (रंगीत निगेटिव्हचा मूळ नारिंगी रंग) सँपल दोन फ्रेममधल्या पट्टीवरून घेऊनसुद्धा. कोणी एवढं अंडरएक्स्पोज्ड काढलंय का नीट? आणि पट्ट्या सुकून कमानीसारख्या वळल्यात, त्यासाठी अँटी न्यूटन काच हवीये (फिल्म सपाट दाबते पण स्कॅनमध्ये रंगीत वलयं उमटू देत नाही ती). मुंबईच्या एका दुकानाने त्या नावाखाली साधी घासलेली काच पाठवली, तिचं टेक्श्चर स्कॅनमध्ये दिसतं, परत पाठवली. भारतात खरी कुठे मिळते ते सांगा, पत्ता मेसेज केलात तरी चालेल.