गाडीचा ऑटो

२८ मे, रात्र

आज दिवसभर एकच वाक्य डोक्यात फिरतंय. नवतपा सुरू आहे, दुपारपासून लाइन सारखी जाते-येते, कूलरमध्ये पाणी भरायचं राहिलं, बियाण्याची चौकशी करायची तीही राहिली. आणि मी तेच वाक्य घोळवत बसलोय.

"गाडीचा पार ऑटो करून टाकला नं बे तुनं!"

काल पुण्याहून आला तेव्हा गाडी पाहून दादा हसत म्हणाला. मनात काही ठेवून म्हणाला असं मी म्हणणार नाही, तो तसा नाहीच. पारावरच्या पोरांनी याहून वाईट नावं ठेवली आहेत माझ्या या दोन सीटच्या जुन्या सॅन स्टॉर्म गाडीला, त्यांचं कधी काही वाटलं नाही. दादा म्हणाला म्हणून लागलं, एवढं सकाळीच कळलं होतं. त्याच्या पुढचं कळत नाही म्हणून लिहायला बसलो.

ऑटो, म्हणजे रिक्षा, कशामुळे म्हणाला असेल? बहुतेक सतरंजीमुळे. लाल-निळ्या पट्ट्यांची आहे, खिडकीतून पाहिलं की आधी तीच दिसते. पण ती मी शोभेसाठी घातलेली नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, आणि या गाडीचं छप्पर कापडी. दुपारी दोन वाजता तालुक्याच्या कोर्टासमोर तासभर उभी केली की रेक्झिनच्या सीटवर हात ठेवता येत नाही. पँट चिकटते, पाठ भिजते. बाजारात तयार कव्हर मिळतात, पण तीही रेक्झिनचीच, आणि मापं सगळी मोठ्या गाड्यांची. म्हणून अकोटची सुती सतरंजी आणली आणि आपल्या टेलरला सीट दाखवून शिवून घेतली. दोन्ही बाजूंना उशीसारखा उंचवटा आहे सीटला, वळणावर माणूस घसरू नये म्हणून असतो तो. चढता-उतरता नेमका तिथंच घासा बसतो आणि ड्रायव्हरकडचा आधीच फाटला होता. टेलरने तिथं सतरंजी दुहेरी घेतली. खालून नाड्या बांधल्या, त्या सीट मागेपुढे सरकायच्या रुळात अडकू नयेत म्हणून आत दुमडून टाके घातले. नवीन गाड्यांमध्ये असं कव्हर मी घातलं नसतं. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत सीटच्या कडेला एअरबॅग असते, वरून जाड कापड शिवलं तर ती वेळेवर उघडायची नाही. माझ्या गाडीत ती भानगड नाही. एवढा सगळा विचार त्या लाल-निळ्या पट्ट्यांच्या मागे आहे, आणि दादाला त्यात ऑटो दिसला.

स्टीअरिंगचंही तेच. आधीच्या मालकाने लहान स्टीअरिंग बसवलेलं, उन्हाने त्याचं वरचं आवरण चिकट झालं होतं. बाजारातलं चढवायचं कव्हर अडतीस सेंटिमीटरच्या स्टीअरिंगसाठी असतं, माझ्यावर ते ढिलं बसलं. वळण घेताना हात फिरतो, कव्हर फिरतं आणि चाक जागेवरच, असं झालं तर? ते परत केलं आणि सुईदोऱ्याने शिवायचं आणलं, साडेतीनशेचं. आईची गोधडी शिवायची सुई घेतली आणि अंगणात बसून शिवलं. वरच्या बाजूचे टाके थोडे वाकडे आले आहेत. पण पकड अशी बसली आहे की घाम आला तरी हात सुटत नाही.

आणि मॅट. मॅटवर तर मी दादाशी मनातल्या मनात दिवसभर भांडलो. पुण्यात राहून त्याला आपली काळी माती आठवत नसेल का? पावसाळ्यात शेतातून आलं की चपलेला किलोभर चिखल चिकटलेला असतो, झटकला तरी निघत नाही आणि वाळला की खापरासारखा घट्ट होतो. मूळच्या कापडी गालिच्यात तो असा शिरला होता की काडीने टोकरून काढावा लागे. धुवायला जावं तर आपलं पाणी खारं. खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने गालिचा धुवा आणि उन्हात टाका, संध्याकाळी त्यावर पांढरी नक्षी उमटलेली. म्हणून रबरी शीट आणलं, जुन्या गालिच्यावर ठेवून खडूने आखलं, कात्रीने कापलं. कडा वर वळवल्या, पाणी आत झिरपू नये म्हणून. ड्रायव्हरकडे जुना गालिचा काढूनच टाकला. एकावर एक दोन मॅट ठेवल्या की वरची सरकते आणि पेडलला अडकते. सप्टेंबर २००९ मध्ये टोयोटाने अमेरिकेत ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरकडची मॅट काढून ठेवायला सांगितलं होतं, कारण ती ॲक्सिलरेटरला अडकून पेडल दाबलेलंच राहण्याचा धोका होता. मॅट म्हणजे किरकोळ वस्तू असं ज्याला वाटतं त्याने हे एकदा वाचावं. मी माझ्या मॅटला दोन भोकं पाडून खाली पक्के आकडे लावलेत. रोज निघण्याआधी पायाने ढकलून बघतो.

पुढच्या काचेला लावायचा चंदेरी पडदा अडीचशेचा. डॅशबोर्डला तडे जायला लागले होते, पडदा लावायला लागल्यापासून वाढले नाहीत. पायाजवळ पांढऱ्या एलईडीची हातभर पट्टी, कारण आतला दिवा कधीचा गेलेला आणि रात्री खाली पडलेली किल्ली सापडत नसे. जुनं वायरिंग आहे, म्हणून तिला वेगळा फ्यूज दिला, सरळ बॅटरीवरून तार ओढली नाही. महाराजांचा फोटो आईने लावलाय, त्याबद्दल मी कोणाचं काही ऐकून घेणार नाही.

सगळं मिळून तीन हजारांच्या आत.

रडू येईल असं हे काही नाही, पण संध्याकाळी गोठ्याकडे जाताना घशात आलं होतं. वाटलं, लोकांना शोरूममधून सगळं बसवून मिळतं, आपल्याला एकेक वस्तू शोधून, मापून, कापून आणावी लागते, आणि वर ती दिसते स्वस्त. सॅन स्टॉर्म बनायची बंद होऊन किती काळ लोटला. तिचा मूळ गालिचा, मूळ सीटचं कापड आता आणायचं कुठून? इंजिनचं तरी बरं आहे, ते रेनोचं, ११४९ सीसी, चांगला मिस्त्री निभावून नेतो. आतल्या सामानाला कोणी वाली नाही. आपल्या देशात बनलेली दोन सीटची उघडी गाडी, फायबरची बॉडी, साठेक हॉर्सपॉवर. लोक विचारतात समृद्धी महामार्गावर किती पळते. कारंज्याहून एकदा चढलो होतो. तिथं १२० ची मुभा आहे, मी नव्वदच्या वर गेलो नाही, जावंसंही वाटलं नाही. मला ही गाडी वेगासाठी नको होती.

कशासाठी हवी होती, हे दादाला सांगायची गरज पडावी?

हे लिहिलं आणि हात थांबला. ऑटो म्हणाला ते लागलेलं नाही. तो गाडीत बसला नाही.

कालपासून मी शब्दाला धरून बसलोय आणि खरी गोष्ट ही आहे. आला, गाडीला एक चक्कर मारली, बॉनेटवर हात फिरवला, वाकून खिडकीतून आत पाहिलं, ते वाक्य बोलला आणि हात धुवायला गेला. किल्ली माझ्या हातात होती. मी शेजारची सीट पुसून ठेवली होती, संजूला सांगून ठेवलं होतं की तंबाखूचा खर्रा खाऊन आज गाडीजवळ यायचं नाही. छप्पर खाली घेतलं होतं. दादाला कॅनॉलच्या रस्त्याने फाट्यापर्यंत न्यायचं, सूर्य बुडताना, एवढंच ठरवलं होतं.

माजघरातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून या गाडीचं चित्र कोणी चिकटवलं होतं? त्याने. कुठल्याशा मासिकातून फाडलेलं, पिवळी गाडी, खळ लावून. बाबांनी त्याबद्दल दोघांनाही मारलं होतं आणि दादाने दोष स्वतःवर घेतला होता. तेव्हा तो म्हणाला होता, ही गाडी आपण घेऊ, तू चालवशील, मी बाजूला बसीन. बाबा गेले त्या वर्षी ते कपाट भंगारात… असो. ते आत्ता नको.

तर तो का बसला नाही? दुपारपर्यंत माझं उत्तर तयार होतं: पुण्याचा झाला, आता त्याला लाज वाटते. वहिनींच्या त्या फोनपासून तो तसाही… पण तेही बरोबर नाही. आता शांतपणे आठवतोय तर वेगळंच दिसतंय. वाकताना त्याने एक हात दारावर ठेवला होता आणि दुसरा कमरेवर. सरळ होताना क्षणभर डोळे मिटले. रात्री जेवायलाही तो पाटावर बसला नाही, खुर्ची घेतली. शर्टच्या आतून पट्टा बांधलेला मला दिसला होता, आईलाही दिसला असणार, कोणी विचारलं नाही. ही गाडी जमिनीपासून किती उंच आहे? माझ्या गुडघ्यापेक्षाही सीट खाली. आत बसायचं म्हणजे आधी पाठ टेकवून मग पाय ओढून घ्यायचे. ज्याची कंबर धरलेली आहे त्याने धाकट्या भावासमोर, अंगणात चार माणसं असताना, कसं बसावं आणि मग कसं उठावं?

काहीतरी बोलायला हवं होतं त्याला, आणि ते वाक्य तोंडात आलं. असंच असेल. नसेलही. मी त्याला विचारणार नाही, तो सांगणार नाही, आमच्या घरात कंबरेचं आणि पैशाचं कोणी सांगत नाही. पहाटे ऊन चढायच्या आत तो निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "सतरंजी मस्त शिवली हाय रे. अकोटची का?" तेव्हा मी धड उत्तरही दिलं नाही, नुसतं हूं केलं. आता वाटतंय, आत वाकून त्याने शिवण बघितली होती तर.

बरं वाटलं लिहून. थोडं.

आईचं मात्र वेगळंच चाललंय. भाकरी थापता थापता म्हणाली, "लय खाली हाय रे बाबा तुही गाडी. बसता येते, पण उठताच येत नाही मले. धराले काहीतरी लाव नं." हे तिने आधीही सांगितलं होतं. वर हँडल लावायला कापडी छपराला जागा नाही, आणि फायबरच्या दारावर भार टाकायचा नाही. पण एक दांडा मिळतो, दार लागतं त्या चौकटीतल्या लोखंडी कडीत अडकवायचा. बसताना अडकवायचा, उतरताना त्यावर जोर द्यायचा, मग काढून खिशात ठेवायचा. पाच-सहाशेच्या आत येतो. फक्त ती कडी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकलेली हवी, सरळ खुंटी असेल तर दांडा बसत नाही. माझ्या गाडीत कोणती आहे ते सकाळी टॉर्च लावून बघतो. खुंटी निघाली तर लोहाराकडून खालच्या लोखंडी सांगाड्याला कडी जोडून घ्यावी लागेल, जोडणीआधी बॅटरीची तार काढायची लक्षात ठेवून.

दांडा एकच पुरतो, दोन्ही बाजूंना चालतो. पेरणी लागायच्या आत आईला शेगावला न्यायचंय, तेवढ्यात व्हायला हवं. दादा पोळ्याला येईन म्हणालाय.