टिक्तिनकरांच्या गावी

युरोपात सोमवारी बरीचशी म्युझियमं बंद असतात, हे तिसऱ्या फेरीतही माझ्या डोक्यात राहिलं नव्हतं. बियाविस्तोकहून तीसेक किलोमीटर येऊन टिकोचिनला उतरले, पाट्यांचा अर्थ लावत लावत सिनेगॉगपर्यंत, म्हणजे आता म्युझियम झालेल्या ज्यूंच्या जुन्या प्रार्थनामंदिरापर्यंत पोचले, तर दाराला कुलूप. शेजारी वेळा लिहिलेल्या: मंगळवार ते रविवार. एकटी होते म्हणून निभावलं. नवरा सोबत असता तर हे पुढची पाच वर्षं ऐकावं लागलं असतं.

मग करायचं काय, तर गाव बघायचं. आणि तेच बरं झालं.

टिकोचिन ईशान्य पोलंडमध्ये, नारेव नदीच्या काठी. वस्ती जेमतेम दोन हजारांची. बैठी लाकडी घरं, खिडक्यांना नक्षीदार झडपा, विजेच्या खांबांवर करकोच्यांची घरटी. मधोमध मोठा चौक आणि चौकात स्तेफान चार्न्येत्स्की या सेनापतीचा पुतळा. सतराव्या शतकात बलाढ्य स्वीडिश फौजेला याने छापे घालघालून जेरीस आणलं. गनिमी कावा म्हटलं की आपले कान टवकारतातच, त्यामुळे त्याच्याशी माझं लगेच जमलं. चौकाच्या पूर्वेला चर्च, दोन मनोऱ्यांचं, ऐसपैस. पश्चिमेला, गावाच्या दुसऱ्या टोकाला, सिनेगॉग. चालत दहा मिनिटांचं अंतर. एका टोकाला रविवार, दुसऱ्या टोकाला शनिवार आणि मध्ये सगळ्यांचा बाजार, अशी ही मांडणी चारशे वर्षं चालली.

मी इथे का आले ते सांगायला हवं. मी अलिबागची. आमच्या घरापासून इस्रायल आळी लांब नाही. आजी बोलताना सहज ‘शनवार तेली’ म्हणायची. नवगावच्या किनाऱ्याला फार पूर्वी गलबत फुटून आलेली ही ज्यू माणसं, बेने इस्रायली, कोकणात तेलाचा घाणा चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून ते नाव. आडनावं मात्र आपल्यासारखीच, गावाला ‘कर’ लावलेली: रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर. पुढे कधीतरी वाचनात आलं की पोलंडमधल्या ज्यूंमध्येही ‘टिक्तिन’ असं आडनाव सापडतं आणि टिक्तिन म्हणजे टिकोचिनचंच यिडिशमधलं, पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीतलं, नाव. म्हणजे टिक्तिनकरच की! तेव्हापासून हे गाव मनात होतं.

१५२२ साली इथला जमीनदार ओल्ब्राख्त गाश्तोव्त याने ग्रोद्नोहून दहा ज्यू कुटुंबं बोलावली. घरांना, प्रार्थनेला, दफनाला जागा दिली. यात भूतदया वगैरे काही नव्हती. नारेववरून माल खाली विस्तुला नदीत आणि तिथून थेट ग्दान्स्क बंदरात जाई. त्या व्यापारातली जाणती माणसं गावात असली की जमीनदाराची तिजोरी भरे. वस्ती वाढली. इथल्या ज्यू पंचायतीचा दरारा इतका की आजूबाजूच्या लहान गावांतले ज्यू तिच्या हाताखाली येत. एकोणिसाव्या शतकात वॉर्सा-पीटर्सबर्ग रेल्वे आली ती टिकोचिनला बगल देऊन, बियाविस्तोकवरून. बियाविस्तोकला गिरण्यांचे भोंगे वाजू लागले आणि टिकोचिन होतं तिथेच राहिलं. गाव मागे पडलं म्हणूनच ते आज इतकं जुन्यासारखं दिसतं, हे मात्र खरं.

सिनेगॉगच्या मागच्या गल्लीत, कुणाला कळणार नाही अशा बेताने, मी दारांच्या चौकटी न्याहाळत होते. ज्यू घराच्या उजव्या खांबावर मेझुझा असते, धर्मग्रंथातली वचनं गुंडाळून ठेवलेली छोटी डबी. ती काढली तरी लाकडात तिरकी खाच राहते म्हणे. मला एकही सापडली नाही. बहुतेक चौकटी नव्या होत्या, नाहीतर रंगाचे थरावर थर चढलेले. एका बाईंनी पडदा सरकवून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा निमूट पुढे सरकले.

स्मशानभूमी गावाबाहेर, कुरणात. तिला स्मशानभूमी म्हणायचं ते माहीत असलं तर. गुडघाभर गवत आणि त्यात कुठे कुठे कललेले, अर्धे रुतलेले दगड. एका दगडाशी उकिडवी बसले. करड्या-पिवळ्या दगडफुलाने अक्षरं भरून गेलेली. बोट फिरवलं तर एक हिब्रू अक्षर हाताला लागलं, पुढचं नाही. कोकणातल्या ज्यू दफनभूमीत हिब्रूच्या खाली बऱ्याचदा मराठी ओळ असते, अमुक तारखेस मयत झाले वगैरे, त्यामुळे माणूस निदान नावानिशी भेटतो. इथे मी पाहुणी होते आणि घरातलं कुणी दार उघडायलाही नव्हतं.

मंगळवारी परत आले. या वेळी दार उघडं.

सिनेगॉग १६४२ चं. शिवाजी महाराज तेव्हा बारा वर्षांचे. बाहेरून ठोकळ्यासारखी जाड भिंतींची इमारत, कोपऱ्यात बुटका बुरूज. आत पाऊल टाकलं आणि तशीच उभी राहिले. चारही भिंतींवर लिहिलेलं आहे. चित्रं फार नाहीत, लेखन आहे: रंगीत महिरपींच्या चौकटींत भरून टाकलेल्या प्रार्थना, हिब्रूत आणि आरामाइकमध्ये. गाइड सांगत होती की छापील पोथ्या महाग, उजेड बेताचा, म्हणून भिंतच पोथी केली. मागच्या रांगेतल्या माणसालाही मान वर केली की वाचता यायचं. मधोमध चार भक्कम खांबांमध्ये उंच ओटा, बिमा. त्यावर उभं राहून तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचायची. बायकांची जागा बाजूच्या दालनात, मध्ये भिंत आणि भिंतीला लहान झरोके. मी मुद्दाम तिथून डोकावून पाहिलं. ओट्याचा तुकडा दिसतो, भिंतीवरच्या अर्ध्या ओळी दिसतात. उरलेल्या ओळी पाठ असणार.

युद्धाआधीच्या गावाचे फोटो आहेत आणि मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच रेंगाळले. गावातली निम्मी माणसं तेव्हा ज्यू होती. शिंपी, चांभार, खाटीक, बेकरीवाले, टपरीएवढी दुकानं. अशा गावांत शामेस, म्हणजे सिनेगॉगचा सेवेकरी, पहाटे लाकडी हातोडीने झडपा ठोठावून लोकांना प्रार्थनेला उठवायचा. शुक्रवारी दुपारी बायका चोलेंटची भांडी घेऊन बेकरीवर जायच्या. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून घेवडा, बटाटे, सातू, ऐपत असली तर मांस, असं सगळं एका भांड्यात बंद करून निवत्या भट्टीत ठेवायचं आणि शनिवारी दुपारी गरम गरम घरी न्यायचं. गरजूंना बिनव्याजी कर्ज देणारी मंडळी होती, आजाऱ्याला भेटणारी वेगळी, मयताला आंघोळ घालणारी वेगळी. भिशीपासून तिरडीपर्यंत सगळं गावातल्या गावात.

हे वाचून गोड गोड चित्र डोळ्यांपुढे येतं, पण ते पुरं नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांत अशा गावांत घराघरांत वाद होते. बापाला पोरगा येशिवात, म्हणजे धर्मशाळेत शिकायला हवा, पोरगा पॅलेस्टाइनात ज्यूंचा देश मागणाऱ्या झायोनिस्टांच्या सभेत, बहीण ‘बुंड’ या ज्यू कामगार पक्षाच्या समाजवाद्यांच्या वाचनालयात. घरात यिडिश, सरकारी शाळेत पोलिश, पॅलेस्टाइनला जायचं म्हणून हिब्रूची शिकवणी. १९२४ मध्ये अमेरिकेने दार जवळपास लावूनच घेतलं. आधी गेलेल्या काका-मामांच्या डॉलरच्या मनीऑर्डरी येत राहिल्या, मागच्यांना मात्र जाता येईना.

दुपारी समोरच्या जुन्या तालमुद-शाळेच्या (तालमुद हा ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ) तळघरातल्या खानावळीत जेवले. बटाट्याचा कुगेल मागवला. आपला उपवासाचा बटाट्याचा कीस थापून भट्टीत भाजला, वर खरपूस कड आली, की जवळपास तेच. पोलिश घरांतही हा पदार्थ होतो, त्याला बाब्का म्हणतात आणि त्यात डुकराची चरबी घालतात. एवढाच फरक. शेजारणी शेजारणींनी एकमेकींच्या भट्टीत डोकावल्याशिवाय असं होत नाही. मी शाकाहारी, त्यामुळे निवड आपोआप झाली.

त्यानंतर टॅक्सीने वोपुहोवोच्या जंगलात गेले. काही मिनिटांचा रस्ता.

१९३९ मध्ये इथे सोव्हिएत सैन्य आलं, जून १९४१ मध्ये जर्मन. २५ ऑगस्टला सकाळी ज्यूंनी चौकात जमावं, असा हुकूम निघाला. चौक म्हणजे तोच, चार्न्येत्स्कीच्या पुतळ्याचा. पुरुषांना चालवत नेलं, बायका, मुलं, म्हातारी माणसं ट्रकमध्ये. जंगलात खड्डे खणून ठेवलेले होते. २५ आणि २६ ऑगस्ट, दोन दिवस गोळ्या चालल्या. मेलेल्यांचा आकडा कुठे १,४०० दिलेला असतो, कुठे २,०००. पळून वाचलेले थोडे. चारशे एकोणीस वर्षांची वस्ती, आणि दोन दिवस.

उंच पाइन वृक्षांमध्ये कुंपण घातलेल्या मोकळ्या जागा आहेत. त्याच कबरी. कुंपणाला इस्रायलचे छोटे निळे-पांढरे झेंडे, विझलेल्या मेणबत्त्यांचे डबे, कुठल्या तरी शाळेतल्या मुलांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली पत्रं. ड्रायव्हर गाडीपाशीच थांबला. त्याने इंजिन बंद केलं होतं.

सिनेगॉग नंतर खतांचं गोदाम झालं. १९७० च्या दशकात दुरुस्त होऊन त्याचं म्युझियम झालं.

माझी सॅक तिथेच ठेवली होती, ती घ्यायला बंद व्हायच्या आधी धावत पोचले. काउंटरवरच्या बाईंनी अभिप्रायाची वही पुढे केली. वरच्या ओळींत हैफा, शिकागो, लोद्झ. मी देवनागरीत नाव लिहिलं, गावाच्या रकान्यात अलिबाग. त्यांनी वही स्वतःकडे फिरवून अक्षरं निरखली.

“भारत? तिथे ज्यू आहेत?”

“आमच्या गावात आहेत. बरेचसे इस्रायलला गेले, थोडी घरं उरलीत. प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे म्हणजे मारामार होते.”

“पण जमतात?”

“सणावाराला जमतात. गेलेलेही अधूनमधून येऊन जातात.”

त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग किल्ल्यांचा जुडगा उचलत म्हणाल्या, “आमच्याकडे शनिवारी सगळ्यात जास्त तिकिटं खपतात.”