प्रश्नावली न वाचता काढलेला जिनी

एम.ए.च्या लघुप्रबंधाचा विषय ठरला तेव्हा महिनाभराचं काम वाटलं होतं. भारतातली उत्पन्नाची विषमता 1993-94 पासून कशी बदलत गेली, एवढंच तर काढायचं! पहिल्याच आठवड्यात कळलं की ज्या आकडेवारीवर हे काढायचं, त्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेऱ्यांमध्ये (ठरावीक वर्षांनी देशभरातल्या निवडक कुटुंबांना प्रश्न विचारतात) उत्पन्न नव्हे, खर्च मोजतात. बरोबरच आहे, शेतकऱ्याला महिन्याची कमाई विचारली तर तो काय सांगणार? पण श्रीमंतांची बरीचशी कमाई शिल्लक पडते, म्हणून खर्चातली विषमता उत्पन्नातल्या विषमतेपेक्षा कमी दिसते. शीर्षकातलं 'उत्पन्न' खोडून 'उपभोग खर्च' लिहिलं.

विषमता मोजायची जिनी गुणांकाने: सगळे समान असतील तर 0, सगळं एकाकडेच असेल तर 1. माझा पहिला जिनी छापील अहवालाशी जुळेना. दोन दिवस कोड तपासला. चूक साधी होती, मी माणसांऐवजी कुटुंबं मोजत होते. भाराला, म्हणजे नमुन्यातलं एक कुटुंब देशातल्या किती कुटुंबांच्या वतीने मोजायचं त्या आकड्याला, कुटुंबातल्या माणसांच्या संख्येने गुणलं आणि आकडा जुळला.

मग 1999-2000 ची फेरी. ग्रामीण विषमता छान उतरलेली! उत्साहाने मॅडमना आलेख दाखवला.

"अगं, त्या वर्षीची प्रश्नावली वाचलीस का?"

नव्हती वाचली. कपडे, पादत्राणं, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांचा खर्च त्या फेरीत फक्त मागच्या 365 दिवसांचा विचारला होता. गरीब घरात कपडे वर्षातून एकदोनदा घेतात, त्यामुळे 30 दिवसांचा हिशेब मागितला तर बहुतेकांचं उत्तर शून्य. वर्षाचा मागितला की त्यांच्या नावावर काहीतरी जमा होतं, तळ वर सरकतो आणि कोणाचंही काही न बदलता विषमता घटते. त्यात अन्नाचा खर्च 7 आणि 30 दिवसांचा शेजारशेजारच्या रकान्यांत विचारलेला, म्हणजे एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम होणारच. ती फेरी मी सोडूनच दिली. नशिबाने 1993-94 मध्ये या वस्तूंसाठी दोन्ही कालावधी विचारले होते, म्हणून 365 दिवसांच्या हिशेबाने ते वर्ष 2004-05 च्या शेजारी ठेवता आलं.

2017-18 चा अहवाल सरकारने प्रसिद्धच केला नाही. 2022-23 मध्ये शहरी जिनी 0.314 आला, 2011-12 मध्ये तो 0.363 होता. घट मोठी आहे, पण दरम्यान वस्तूंची यादी 347 वरून 405 वर गेली आणि प्रत्येक कुटुंबाला एकाऐवजी तीन भेटी देऊन प्रश्न विचारले गेले. यातली खरी घट किती, हे मला वेगळं काढता आलं नाही. आलेखात तिथे मी रेघ तुटक काढली.

तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्या तुटक रेघेवरच आला. मी परीक्षकांपुढे दोन्ही प्रश्नावल्या ठेवल्या.