पाखडणे आणि निवडणे

भिगवणहून परतल्यावर रात्री कॅमेऱ्यातले कार्ड संगणकाला लावले, तेव्हा त्यावर १,६४० रॉ फाइली, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीच्या फाइली, निघाल्या. या आकड्यात माझे कर्तृत्व फारसे नाही. हल्लीचे कॅमेरे सेकंदाला वीस फ्रेम सहज टिपतात, आणि उजनीच्या पाण्यावर नदी सुरय हा पक्षी मासा धरायला सूर मारतो त्या तीन सेकंदांत बोट शटरवर नुसते टेकलेले राहिले, तरी साठ फोटो जमा होतात. त्यांतला ठेवण्याजोगा एखादाच असतो. एक फाइल सुमारे २५ एमबीची धरली, तर एका सकाळीचे ४१ जीबी झाले. पूर्वी ३६ फोटोंचा रोल संपत आला की बोट आपसूक आखडते व्हायचे. आता तोच हिशेब घरी येऊन, जेवण झाल्यावर, खुर्चीत बसून करावा लागतो.

नको ते फोटो गाळून ठेवण्याजोगे निवडण्याच्या या कामाला छायाचित्रकार मंडळी ‘कलिंग’ म्हणतात. मला मात्र ते काम करताना आईचे सूप आठवते. तांदूळ घरात आले की ती आधी पाखडायची आणि मग निवडायची. पाखडताना ती एकेका दाण्याकडे पाहत नसे. हाताच्या ठेक्यावर सूप हलायचे आणि तूस आपोआप पुढे उडून जायचे. निवडायला बसताना मात्र चष्मा लागायचा, उजेडाकडे तोंड करून ताट मांडीवर घेतले जायचे आणि खडा बोटाने बाजूला सारला जायचा. ही दोन वेगवेगळी कामे आहेत आणि सुपाने निवडता येत नाही, हे लहानपणापासून डोळ्यांसमोर असूनही, रॉ फाइली पाहण्यासाठी सॉफ्टवेअर शोधताना मी दोन्ही कामे एकानेच करावीत असा हट्ट धरून बसलो होतो. त्या हट्टापायी दोन वर्षे गेली.

अडचण अशी, की रॉ फाइल ही खरे तर फोटो नसतेच. सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते; कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटाप्रमाणे त्यांतले निम्मे बिंदू हिरव्याच्या वाट्याला येतात. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने काढायचे असतात आणि हे गणित २४ मेगापिक्सेलच्या फाइलीत दोन कोटी चाळीस लाख वेळा करावे लागते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका सर्वांगपरिपूर्ण म्हणवणाऱ्या सॉफ्टवेअरला मी ते काम एकदा सांगितले. आधी आयात, मग कॅटलॉग, मग प्रीव्ह्यू असे सोपस्कार चालू असताना मी झोपायला गेलो आणि सकाळी चहा घेऊन आलो, तरी निळी पट्टी सरकतच होती. नंतर जे फोटो टाकून द्यायचे होते, त्यांचेही इतक्या साग्रसंगीत स्वागताचे प्रयोजन मला अद्याप कळलेले नाही.

यावरची वाट कॅमेऱ्यानेच करून ठेवलेली असते. जवळजवळ प्रत्येक रॉ फाइलीच्या पोटात कॅमेऱ्याने तयार केलेले एक जेपेग दडलेले असते. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यावर आपण पाहतो ते तेच. १९९८ पासून वृत्तपत्रांच्या आणि क्रीडा छायाचित्रकारांच्या हाताशी असलेले ‘फोटो मेकॅनिक’ नेमके तेवढेच उचलून दाखवते, म्हणून बाणाचे बटण दाबताच पुढचा फोटो हजर होतो. सामना चालू असताना फोटो कचेरीत पोहोचवायचा असतो, तिथे गणिताला सवड कुठली? घरगुती वापरासाठी ‘एक्सएनव्ह्यू एमपी’ किंवा ‘डिजिकॅम’ही विनामूल्य मिळतात. पाखडण्यासाठी हे सगळे उत्तम सूप आहे: पंख चौकटीबाहेर गेलेला, पक्षी निसटून नुसते पाणी उरलेला, फोकस मागच्या बाभळीवर गेलेला, असे फोटो पहिल्या अर्ध्या तासात उडून जातात.

पण त्या जेपेगवर किती विश्वास ठेवायचा, हे मला एका थव्याने शिकवले. कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्षी सकाळच्या उन्हात उभे होते आणि पडद्यावर त्यांचे पांढरे पंख काळे-पांढरे लुकलुकू लागले. प्रकाश जास्त झाला, तपशील गेला, असा त्याचा अर्थ. मी घरी येऊन तो अख्खा बर्स्ट, म्हणजे सलग टिपलेल्या फोटोंची ती मालिका, पुसून टाकला. चुकून एक फ्रेम राहिली होती. ती पुढे काही महिन्यांनी थेट रॉ माहिती दाखवणाऱ्या ‘फास्टरॉव्ह्यूअर’मध्ये उघडली, तेव्हा खऱ्या रॉ माहितीचा उजेडाचा आलेख उजव्या, म्हणजे पांढऱ्याफटक कडेपासून बराच अलीकडे थांबलेला दिसला आणि एक्स्पोजर थोडे खाली आणताच पंखांतली पिसे वेगवेगळी दिसू लागली. कॅमेऱ्याचा आलेख आणि लुकलुकणे दोन्ही जेपेगवरून ठरतात, म्हणजे त्यावर कॅमेऱ्याने आपल्या आवडीचा कॉन्ट्रास्ट आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) चढवल्यानंतर. जेपेगात छटांच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलीत १६,३८४. पुसलेले बाकीचे रोहित आता कोणत्याही सॉफ्टवेअरला सापडणार नाहीत.

तेव्हापासून माझी व्यवस्था दोन टप्प्यांची आहे. पहिल्या फेरीला जेपेग दाखवणारे चपळ सॉफ्टवेअर आणि फक्त एकच प्रश्न: उघड वाईट आहे का? उजेडावरून या फेरीत काहीही बाद करायचे नाही, हा नियम. दुसऱ्या फेरीला रॉ दाखवणारे, आणि तिथे शंभर टक्के मोठे करून पक्ष्याचा डोळा पाहायचा. तीक्ष्णपणाही जेपेगवरून जोखू नये. एकतर कॅमेऱ्याने त्याला वरून धार लावलेली असते आणि काही जुन्या कॅमेऱ्यांच्या फाइलीतले जेपेग १,६१६ गुणिले १,०८० एवढेच असते, ते मोठे केले की सुरयाचा डोळा बाजरीच्या दाण्यासारखा दिसतो. फोटोला पसंतीनुसार दिलेले तारे रॉ फाइलीशेजारच्या छोट्या, नोंदी ठेवणाऱ्या एक्सएमपी फाइलीत लिहिले जातील, एवढी खात्री आधी करून घेतलेली बरी, म्हणजे संपादनाच्या सॉफ्टवेअरला ते वाचता येतात. रंगांच्या खुणांवर मात्र विसंबू नये. ती खूण फाइलीत शब्द म्हणून जाते आणि दोन सॉफ्टवेअरांचे शब्द जुळले नाहीत, की लाल खूण पलीकडे लाल राहत नाही.

लग्नाचे फोटो काढणारा माझा एक मित्र हल्ली हे सारे कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपवतो. पाच हजार फोटो, आणि डोळे मिटलेले आपोआप बाजूला. पहिल्याच लग्नात अक्षता पडतानाचे सगळे फोटो बाद झाले. डोक्यावर तांदूळ पडताना डोळे उघडे ठेवणारी वधू त्या यंत्राने कुठे पाहिली होती कोण जाणे! मित्राने ते फोटो हाताने परत आणले आणि अल्बमचे मुखपृष्ठ त्यांतूनच झाले.

बाद फाइली मी आता पुसत नाही. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवतो आणि महिनाभर तशाच ठेवतो. पाखडताना निघालेल्या कण्याही आई निराळ्या डब्यात भरायची आणि त्यांची पेज व्हायची. भिगवणच्या १,६४० पैकी दुसऱ्या फेरीनंतर ३८ उरले. त्यांतले दोन एकापाठोपाठचे आहेत, सेकंदाच्या विसाव्या भागाच्या अंतराने काढलेले. एकात सुरयाच्या चोचीतल्या मासळीच्या शेपटीला थेंब लोंबतो आहे, दुसऱ्यात तो नुकताच सुटला आहे, पण पंख थोडा अधिक उघडला आहे. काल रात्री बाणाचे बटण डावीकडे-उजवीकडे दाबत मी बराच वेळ बसलो होतो आणि शेवटी दोघांनाही चार-चार तारे देऊन संगणक बंद केला.